फॉरेन्सिक सायकॉलॉजीची पदवी : ब्रिटनमध्ये अर्ज करताना

ब्रिटनमध्ये ‘फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट’ ही कायद्याने राखून ठेवलेली उपाधी आहे. जुलै २००९ पासून या व्यावसायिकांची नोंदणी एका नियामक संस्थेकडे होते. तिचे आजचे नाव हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल. तिच्या नोंदवहीत नाव नसताना ही उपाधी लावणे गुन्हा आहे. शाळा संपताना विद्यार्थी ज्याला अर्ज करतात, तो फॉरेन्सिक सायकॉलॉजीचा बीएस्सी अभ्यासक्रम एकटा या नोंदवहीपर्यंत पोहोचवत नाही. आधी तीन वर्षांची पदवी (स्कॉटलंडमध्ये चार), मग साधारण वर्षभराची मान्यताप्राप्त एमएस्सी आणि त्यानंतर दोन वर्षे देखरेखीखाली प्रत्यक्ष काम, असा हा पल्ला आहे. बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅम विद्यापीठांत शेवटचे दोन टप्पे एकत्र करणारी डॉक्टरेटही आहे.

म्हणून अभ्यासक्रम निवडताना नावाआधी मान्यता पाहावी. १९०१ साली स्थापन झालेली ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटी पदवी अभ्यासक्रमांना मान्यता देते. मान्यताप्राप्त पदवी किमान टू-टू, म्हणजे दुसऱ्या वर्गाच्या खालच्या श्रेणीत मिळवली, की सोसायटीच्या चार्टर्ड सदस्यत्वाचा पाया तयार होतो आणि पुढच्या एमएस्सीला बहुतेक ठिकाणी तोच मागतात. केंट आणि लिंकन येथे ‘सायकॉलॉजी विथ फॉरेन्सिक सायकॉलॉजी’ शिकवतात, तर पोर्ट्समथ आणि कॉव्हेंट्री येथे थेट ‘फॉरेन्सिक सायकॉलॉजी’ नावाची पदवी आहे. साध्या मानसशास्त्राची मान्यताप्राप्त पदवीही पुढे तितकीच चालते, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. जपायचे ते क्रिमिनॉलॉजीबरोबरच्या संयुक्त पदव्यांत. त्यांत मानसशास्त्राचा वाटा कमी पडला तर मान्यता मिळत नाही आणि पुढे वेगळा रूपांतर अभ्यासक्रम करावा लागतो.

मान्यतेच्या अटींमुळे या पदवीचा बराच भाग सर्वसाधारण मानसशास्त्राचाच असतो. मेंदू आणि वर्तन, स्मृती आणि आकलन, बालविकास, सामाजिक मानसशास्त्र, व्यक्तिभेद, संशोधनपद्धती आणि शेवटच्या वर्षाचा स्वतंत्र संशोधन प्रकल्प हे चुकत नाही. संख्याशास्त्र तर पहिल्या वर्षापासून मागे लागते. साक्षीदारांची स्मृती, पोलिसांची चौकशी, तुरुंगातले उपचार हे विषय त्याच्या जोडीने येतात.

संख्याशास्त्र कशाला, याचे उत्तर ब्रिटनच्याच तुरुंगांनी दिले आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये या व्यावसायिकांना सर्वाधिक नोकऱ्या देते ती तुरुंग आणि प्रोबेशन सेवा. तिथे लैंगिक गुन्हेगारांसाठी एक गट-उपचार कार्यक्रम वर्षानुवर्षे चालू होता. २०१७ साली न्याय मंत्रालयाने त्याचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. उपचार घेतलेल्यांपैकी १० टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला होता. उपचार न घेतलेल्या, पण बाकी बाबतींत सारख्या असलेल्या कैद्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. कार्यक्रम बंद झाला आणि ‘होरायझन’ व ‘कायझेन’ हे नवे कार्यक्रम आले. सद्हेतूने, प्रशिक्षित माणसांनी चालवलेल्या उपचाराचा उपयोग होत नव्हता हे समजले, ते तुलनेचा गट आणि आकडेवारी हाताशी होती म्हणून.

दुसरे उदाहरण त्याहून जुने आणि जास्त वेदनादायक आहे. १९९२ साली लंडनच्या विम्बल्डन कॉमनवर रेचल निकेल या तरुणीचा खून झाला. पोलिसांनी गुन्हेगाराचे मानसशास्त्रीय वर्णन तयार करवून घेतले आणि त्यात बसतो म्हणून कॉलिन स्टॅग याच्यावर लक्ष केंद्रित केले. एका महिला पोलिसाने वेष पालटून त्याच्याशी मैत्री वाढवली, पण कबुली मिळाली नाही. १९९४ मध्ये न्यायाधीशांनी हा पुरावा फेटाळला आणि स्टॅग सुटला. खरा गुन्हेगार रॉबर्ट नॅपर डीएनएवरून सापडला. त्याने २००८ मध्ये गुन्हा मान्य केला. मालिका पाहून या क्षेत्राकडे ओढल्या गेलेल्या प्रत्येकाने अर्जाआधी हे प्रकरण मुळातून वाचायला हवे. या व्यवसायाचे रोजचे काम प्रोफायलिंगचे नसते. कैद्याच्या धोक्याचे मूल्यमापन, पॅरोल बोर्डासाठी अहवाल, सुरक्षित मनोरुग्णालयातले उपचार यांत ते जाते.

अर्ज यूकॅस या मध्यवर्ती संस्थेमार्फत होतो आणि त्यात पाच पर्याय देता येतात. २०२६ च्या प्रवेशासाठी मुदत १४ जानेवारी होती. ए-लेव्हलच्या श्रेणींना गुण असतात: ए ला ४८, बी ला ४०, सी ला ३२. तीन बी म्हणजे १२०. विद्यापीठांच्या अपेक्षा याच्या आसपास कमी-जास्त होतात. जीसीएसईत गणित आणि इंग्रजी बहुतेक सर्वत्र लागते. ए-लेव्हलला मानसशास्त्र असण्याची अट मात्र सहसा नसते.

खरी कसोटी वैयक्तिक निवेदनाची. २०२६ च्या प्रवेशापासून ते तीन प्रश्नांत विभागले आहे: हा विषय का, शिक्षणाने त्यासाठी कशी तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केले. तिन्ही मिळून ४,००० अक्षरचिन्हे, प्रत्येक उत्तराला किमान ३५०. पाचही विद्यापीठांना हेच निवेदन जाते, मात्र उरलेले चार पर्याय कोणते हे कोणालाच दिसत नाही. दोन पर्याय फॉरेन्सिकचे आणि तीन साध्या मानसशास्त्राचे असतील, तर सगळा मजकूर गुन्ह्यांवर खर्च करणे अंगाशी येते.

तिसऱ्या प्रश्नापाशी सतरा वर्षांचे मूल अडखळते, कारण तुरुंगात त्याला कोणी अनुभव देत नाही. पण क्राउन कोर्टाची प्रेक्षक गॅलरी चौदा वर्षांपुढच्या कोणालाही खुली असते, आणि तीही विनामूल्य. तिथे बसून एका साक्षीदाराची उलटतपासणी ऐकावी: त्याने काय पाहिले, किती अंतरावरून, आधीच्या जबानीत काय सांगितले होते. मग साक्षीदाराच्या स्मृतीवरचे एखादे संशोधन वाचून त्याच्याशी ताडून पाहावे. असा एक परिच्छेद ‘लहानपणापासून गुन्हेगारी मनाचे आकर्षण’ या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतो. अठरा पूर्ण झाल्यावर पोलीस कोठडीतल्या मुलांच्या आणि असुरक्षित संशयितांच्या सोबतीला बसणाऱ्या स्वयंसेवकांच्या योजनाही आहेत.

महाराष्ट्रातून अर्ज करणाऱ्यांनी राज्य मंडळाच्या बारावीचे किती टक्के चालतात हे प्रत्येक विद्यापीठाला वेगळे विचारावे. सीबीएसईचा आकडा गृहीत धरू नये. इंग्रजीची परीक्षा आणि विद्यार्थी व्हिसा आहेच. इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्यांची फी २०२५-२६ साठी वर्षाला जास्तीत जास्त ९,५३५ पौंड ठरली. परदेशी विद्यार्थ्यांना ती मर्यादा लागू नाही. तुरुंगसेवेत पुढे नोकरी हवी असेल, तर तिथल्या सुरक्षा पडताळणीत ब्रिटनमधले वास्तव्यही पाहिले जाते. हे घरी आधीच बोलून घेतलेले बरे.

देकार आल्यावर एक पक्का आणि एक राखीव असे दोन ठेवता येतात. ए-लेव्हलचा निकाल ऑगस्टच्या मध्यावर लागतो. दोन्ही जागा हुकल्या तर क्लिअरिंगमधून रिकाम्या जागांसाठी विद्यापीठांना थेट फोन करता येतो. त्या दिवशी जागा भराभर जातात आणि होकार घाईत दिला जातो. सोसायटीची मान्यता आहे का, हे त्याच फोनवर विचारून घ्यावे.