स्टॉपवॉच आणि फावडं

नोकरीच्या पहिल्या वर्षी मला पिंपरीतल्या एका कारखान्यात टाइम स्टडीचं काम मिळालं. क्लिपबोर्ड आणि स्टॉपवॉच घेऊन मी लाइनवर उभा राहिलो की मशिनवरचे हात जड व्हायचे. एके दिवशी ड्रिलिंगवरचे एक जुने ऑपरेटर काम थांबवून म्हणाले, "साहेब, घड्याळ मला लावलंत, पण या जिगला कधी लावणार? पीस नीट बसवण्यातच निम्मा वेळ जातो." माझ्या फॉर्मवर जिगसाठी, म्हणजे पीस जागेवर धरणाऱ्या त्या पकडीसाठी, रकानाच नव्हता.

फ्रेडरिक टेलर तोवर मला परीक्षेच्या नोट्सपुरताच ठाऊक होता. त्याचं १९११ सालचं 'द प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट' मुळातून वाचलं ते कित्येक वर्षांनी. तेव्हा कळलं की त्या ऑपरेटरचा प्रश्न या पुस्तकात होताच. आपणच तो वाटेत कुठेतरी सांडला होता.

टेलर फिलाडेल्फियाच्या सुखवस्तू घरातला. हार्वर्डची प्रवेश परीक्षा पास झाला, पण डोळ्यांच्या त्रासामुळे तिकडे न जाता कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला. १८७८ साली मिडव्हेल स्टीलमध्ये मजूर म्हणून शिरला आणि चीफ इंजिनिअरच्या हुद्द्यापर्यंत चढला. कामगार मुद्दाम हळू काम करतात हे त्याने आतून पाहिलं होतं, आणि त्याचं कारणही: उत्पादन वाढलं की मालक पीसमागचा दर कापायचे. मग कोण जीव तोडून काम करेल?

बेथलेहेम स्टीलमधला त्याचा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो. सुमारे ४२ किलोची लोखंडाची लादी उचलायची, फळीवरून चालत जाऊन वाघिणीत टाकायची. माणशी दिवसाला साडेबारा टन माल भरला जायचा, तो साडेसत्तेचाळीस टनांवर गेला. मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. नोट्समध्ये गोष्ट इथे संपते. पुस्तकात मात्र पुढचा हिशेब आहे: एवढ्या वजनाच्या कामात माणसाच्या हातात दिवसाच्या फक्त ४३ टक्के वेळ ओझं असावं, उरलेले ५७ टक्के तो ओझ्यावाचून असला पाहिजे. विसावा हा त्या कामाचाच भाग होता, आणि तो ठरवण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची होती.

फावड्यांचंही तसंच. मजूर घरून आपापलं फावडं आणायचे. त्याच फावड्याने जड खनिजही ओढायचे आणि हलका कोळसाही. एका खेपेला साधारण साडेनऊ किलो ओझं असलं की दिवसभरात सर्वांत जास्त काम होतं, असं प्रयोगांती ठरलं. मग कंपनीनेच हत्यारांची खोली उभारली आणि मालाप्रमाणे वेगवेगळ्या मापांची फावडी हातात दिली. मला टेलरचं सर्वांत मोलाचं काम हेच वाटतं. आधी हत्यार नीट करा, माल नीट द्या, मग माणसाकडे घड्याळ घेऊन जा, हा क्रम त्याने स्वतः पाळला होता.

त्याचे दोष झाकण्यासारखे नाहीत. काम जवळजवळ चौपट आणि मजुरी साठ टक्क्यांनी जास्त, ही वाटणी न्याय्य कशी? लादी उचलणाऱ्या माणसाची बुद्धी बैलासारखी असावी असं त्याने लिहिलं. पण ज्या 'श्मिट'वर प्रयोग केला तो कामाच्या आधी आणि नंतर आपल्या जागेवर स्वतःच्या हातांनी घर बांधत होता, हेही टेलरच सांगतो. घर बांधणाऱ्या माणसाला आपल्या कामाबद्दल काही सुचत असेल, हे त्याच्या मनात आलं नाही. ऑगस्ट १९११ मध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात घड्याळ आलं आणि ओतकाम करणारे कामगार बाहेर पडले. चौकशी झाली, आणि १९१५ पासून अशा कारखान्यांतल्या घड्याळावर अमेरिकी काँग्रेसने बंदी घातली.

हे सगळं आपल्यापासून दूर घडलं असं वाटत असेल, तर १९२८ चं गिरणगाव आठवावं. मुंबईत ससून समूहाच्या गिरण्यांनी 'एफिशियन्सी'ची पद्धत आणली. विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळायचे, कातणाऱ्याने एकीऐवजी दोन बाजू. सहा साच्यांवर तीन माणसं होती, तिथे दोन पुरणार. तिसऱ्याने गावी परतायचं. कामगारांची तक्रार होती ती सुताची. कापूस हलका, सूत पुन्हा पुन्हा तुटतं, मग तिसरा साचा बघायचा कसा? एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने, सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. गिरणी कामगार युनियन या संपातच जन्माला आली. विणकरांचा हा आक्षेप मला टेलरच्याच भाषेतला वाटतो. त्यांना घड्याळ मिळालं, फावडं मिळालं नाही.

जर्मनीत माक्स वेबर साधारण टेलरच्याच काळात हुद्दे, नियम आणि लेखी नोंदींवर चालणाऱ्या कारभाराची मांडणी करत होता. अशा कारभाराचं दुखणं कळायला आंरी फेयॉलची एक नोंद वाचावी. १८६१ साली हा तरुण इंजिनिअर फ्रान्समधल्या कोमांत्रीच्या कोळसा खाणीत होता. सहाव्या मजल्यावरच्या घोड्याचा पाय मोडला. फेयॉलने दुसऱ्या घोड्याची चिठ्ठी लिहिली. तबेलेवाल्याने ती परत केली, कारण तिच्यावर संचालकांची सही नव्हती. संचालक गैरहजर, त्यांच्या जागी कुणी नेमलेलं नाही. घोडा मिळाला नाही, मजल्यावरचं काम बुडालं. पुढे १९१६ च्या पुस्तकात त्याने दोन विभागांतल्या बरोबरीच्या माणसांनी वरिष्ठांच्या संमतीने थेट बोलावं म्हणून 'पुलाची' कल्पना मांडली. पोर्टलवर मंजुरी अडकलेली आणि साहेब रजेवर, हे ज्याने अनुभवलंय त्याला फेयॉल जुना वाटणार नाही.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातले १९२४ ते १९३२ चे प्रयोग माणुसकीचा धडा म्हणून शिकवले जातात. उजेड कमी केला तरी उत्पादन घटलं नाही, लक्ष दिलं की माणसं खुलतात, वगैरे. पण रिले जोडणाऱ्या पाच मुलींपैकी दोघींना, फार बोलतात आणि सहकार्य करत नाहीत म्हणून, मध्येच काढून दुसऱ्या दोघी आणल्या होत्या. त्यांची कमाईही त्या छोट्या गटाच्या उत्पादनाशी जोडली गेली होती. जिव्हाळ्याने उत्पादन वाढतं असं सांगताना हे दोन तपशील गाळू नयेत.

या सर्वांत मला जवळची वाटते मेरी पार्कर फॉलेट. ती कारखान्यातून आली नव्हती. बॉस्टनच्या रॉक्सबरी भागात वस्तीकेंद्रांचं काम करता करता माणसं एकत्र निर्णय कसा घेतात हे तिने पाहिलं. १९२५ च्या व्याख्यानात तिने ग्रंथालयातल्या खिडकीचा साधा प्रसंग सांगितला. एकाला खिडकी उघडी हवी होती, तिला बंद. शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला हवा मिळाली, तिच्या अंगावर वारा आला नाही. ही तडजोड नव्हती, कारण कुणी काही सोडलं नाही. हुकमाबद्दलही तिचं म्हणणं असंच होतं: हुकूम माणसाने माणसाला देऊ नये, दोघांनी मिळून परिस्थितीकडे बघावं आणि तिला काय हवंय ते ओळखावं.

आज गोदामातल्या कामगाराच्या हातातला स्कॅनर सेकंद मोजतो. कॉल सेंटरमध्ये प्रत्येक कॉलची मिनिटं मोजली जातात. टेलरचं घड्याळ इतकं स्वस्त झालंय की ते लावायला माणूसही लागत नाही. व्यवस्थापक झालेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना मी एवढंच विचारतो, तुमच्याकडचे ५७ टक्के कुणी काढलेत का? बहुतेकांना आकड्याचा संदर्भच लागत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पिंपरीतल्या त्या जिगचं पुढे असं झालं. फॉलेटचं नावही मी तेव्हा ऐकलं नव्हतं, पण उत्तर सुचेना म्हणून टूलरूमच्या मिस्त्रींना लाइनवर घेऊन आलो. ते, ऑपरेटर आणि मी, तिघं जिगभोवती वाकलो. लोकेटिंग पिन झिजली होती. ऑपरेटरनी माझ्याच फॉर्मच्या मागे नव्या पिनेचं चित्र काढून दिलं. पिन बसल्यावर पुन्हा वेळ मोजली, तेव्हा घड्याळ त्यांनी धरलं होतं आणि पीस मी लावून बघत होतो.