सर्व्हरचा जागल्या

गोदावरीच्या दक्षिणेस वसलेल्या सोनपेठ तालुक्यात जुलै महिन्याच्या उत्तरार्धात खरिपाच्या पीक विम्याची मुदत जवळ येऊ लागली, की खेड्यापाड्यांतून सोयाबीन-कापसाचे शेतकरी सातबारा, आठ-अ, पासबुक आणि आधार कार्ड कापडी पिशवीत घालून सेवा केंद्रांपुढे रांगा लावतात, आणि तासन्‌तास तिष्ठल्यानंतर त्यांच्यापैकी कित्येकांच्या कानी जे वाक्य पडते, ते महाराष्ट्राच्या कोणत्याही तालुक्यात आता परिचयाचे झाले आहे : "सर्व्हर डाउन आहे, उद्या या." ज्या मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामी अंमलातील पटवाऱ्याचे दप्तर हाच जमिनीच्या हक्काचा मुख्य आधार होता आणि जेथे १९५४-५५ चे खासरा पत्रक आजही वारसाच्या तंट्यात बाहेर काढले जाते, तेथे सातबारा, फेरफार, ई-पीक पाहणी आणि विम्याचा अर्ज ही सारी कामे संगणकाच्या स्वाधीन झाली आहेत. पटवारी गावी नसेल तर त्याच्या घरी जाऊन बसता तरी येत असे. परंतु ज्या यंत्राचे स्थान शेतकऱ्यालाच काय, अर्ज भरणाऱ्या केंद्रचालकालाही ठाऊक नाही, त्याने मौन धरल्यास दाद कोणाकडे मागावी?

'सर्व्हर डाउन' या दोन शब्दांत तीन निरनिराळी दुखणी एकत्र कोंबलेली असतात. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली तर यंत्र सुखरूप असते, पण वाट बंद होते. अखेरच्या दिवशी सारा महाराष्ट्र एकाच दारावर लोटला तर यंत्र चालू असते, पण गर्दी त्याच्या शक्तीबाहेरची असते. आणि तिसऱ्या प्रकारात, वीजपुरवठा अखंड, पंखे फिरत आहेत, समोरचा हिरवा दिवा तेवतो आहे, परंतु आतील कार्यप्रणाली एखाद्या गुंत्यात अडकून कोणालाही प्रतिसाद देत नाही, ज्याला आपण 'मशीन हँग झाले' म्हणतो, अशी अवस्था असते. पहिल्या दोन दुखण्यांना निराळे उपाय आहेत. तिसऱ्यासाठी सर्व्हरच्या प्रकृतीवर पहारा ठेवणारी आणि तो निपचित पडल्यास त्याला आपोआप उठवणारी जी व्यवस्था उपलब्ध आहे, तिच्याविषयी लिहिणे मला अगत्याचे वाटते. कारण ती बहुतेक यंत्रांत आधीपासून असते, आणि तरीही अनेक ठिकाणी ती कामाला लावलेलीच नसते.

तिची रचना समजण्यास सोपी आहे. सर्व्हरच्या मुख्य पाटीवर एक स्वतंत्र टायमर असतो, जो कार्यप्रणालीच्या आज्ञेवर अवलंबून न राहता सतत शून्याकडे मोजत राहतो. कार्यप्रणालीत बसवलेला ड्रायव्हर नावाचा छोटासा कार्यक्रम ठरावीक काळाने त्या टायमरला पुन्हा मूळ आकड्यावर नेऊन ठेवतो. कार्यप्रणाली शुद्धीवर आहे तोवर हा क्रम अखंड चालतो. ती गोठली, की ड्रायव्हरही थांबतो, टायमर शून्यावर येतो आणि कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता यंत्र नव्याने सुरू करतो. पूर्वीच्या गावगाड्यातील जागल्याने रात्री हाक द्यावी, आतून 'हो' आली तर पुढे जावे आणि ती आलीच नाही तर दार फोडून आत शिरावे, तसाच हा प्रकार आहे. कॉम्पॅक कंपनीच्या, १९९३ साली सुरू झालेल्या आणि २००२ नंतर एचपीकडे आलेल्या प्रोलायंट मालिकेमुळे ही तजवीज कार्यालयीन सर्व्हरांत सुपरिचित झाली. तिच्यात ही मुदत सामान्यतः दहा मिनिटांची असते आणि ती पाच ते तीस मिनिटांपर्यंत बदलता येते. अन्य कंपन्यांच्या सर्व्हरांतही याच तत्त्वावर चालणारी सोय असते.

परंतु केवळ निपचित पडल्यावर उठवणे, एवढेच या पहाऱ्याचे काम नव्हे. प्रकृती-निरीक्षणाचा भाग तापमान, पंख्यांची गती, वीजपुरवठ्याची स्थिती, हार्ड डिस्कचे आरोग्य आणि स्मृतीतील चुका यांची अहोरात्र नोंद घेत असतो. सर्व्हरच्या स्मृतीत एखादा बिट उलटला तर ती चूक तेथल्या तेथे दुरुस्त होते आणि वापरणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही; पण अशा दुरुस्त्यांची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली, तर तो स्मृतिखंड निकामी होण्याच्या मार्गावर आहे, असा इशारा निरीक्षक देतो. ज्या परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा सहज ४३-४४ अंशांवर जातो आणि जेथे तालुक्याच्या गावी पतसंस्थेचा किंवा रुग्णालयाचा सर्व्हर कित्येकदा बंद खोलीत, कपाटाच्या आडोशाला ठेवलेला असतो, तेथे तापमानाचा हा एक इशारासुद्धा मोलाचा आहे : पंखे गती वाढवतात, तरीही उष्मा आवरला नाही तर यंत्र स्वतःची आवराआवर करून शिस्तीने बंद होते आणि आतील माहिती वाचते.

याच तत्त्वाचे एक भावंड गंगाखेडवरून जाणाऱ्या परभणी-परळी मार्गावरही सापडेल. भारतीय रेल्वेच्या इंजिनांत असलेले दक्षता-नियंत्रण उपकरण लोको पायलटकडून सुमारे मिनिटभर कोणतीही हालचाल झाली नाही, तर प्रथम दिवा लावते, मग भोंगा वाजवते आणि त्यालाही उत्तर न आल्यास ब्रेक लावून गाडी उभी करते.

उपकरण असणे आणि ते कार्यान्वित असणे यांत केवढे अंतर आहे, याचे सर्वांत बोधक उदाहरण मात्र चंद्राजवळचे आहे. क्लेमेंटाइन हे अमेरिकन यान जानेवारी १९९४ मध्ये निघाले, त्याने चंद्राचे नकाशे घेण्याचे काम उत्तम पार पाडले आणि ते एका लघुग्रहाकडे वळणार, तोच ७ मे १९९४ रोजी त्याचा संगणक गोठला. दिशा सावरणारी छोटी इंजिने भलत्याच वेळी पेटली आणि इंधन संपेपर्यंत जळत राहिली. त्या यानात हा पहारेकरी टायमर होता. त्याचा उपयोग करून घेणारा कार्यक्रम मात्र कामाच्या घाईत लिहिला गेला नव्हता. पृथ्वीवरून आज्ञा पाठवणारे तंत्रज्ञ प्रयत्न करीत राहिले, आणि जे काम यानातील एका मंडलाने क्षणात केले असते, ते कोणालाच वेळेत करता आले नाही.

याच्या उलट, ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरचा संगणक काही दिवसांनी वारंवार अडकू लागला, तेव्हा तेथील पहारेकऱ्याने दर वेळी त्याला नव्याने उभे केले आणि यान वाचले. परंतु तंत्रज्ञ तेवढ्यावर संतुष्ट राहिले नाहीत. कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत त्यांनी तशाच यंत्रावर तोच बिघाड मुद्दाम घडवून आणला आणि हवामानाची माहिती गोळा करणारे एक कनिष्ठ काम सामाईक साधन अडवून बसते, त्यामुळे अत्यंत महत्त्वाचे काम खोळंबते, हे कारण नोंदींतून शोधून त्याची दुरुस्ती मंगळावर पाठवली. हा दुसरा अर्धा भाग आपल्याकडे राहून जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्व्हर रात्री तीन वाजता पडला आणि तीन वाजून पंधरा मिनिटांनी उठला, सकाळी काम सुरळीत चालले, म्हणून कोणी नोंदवही उघडून पाहिली नाही, तर स्वयंचलित पुनरुज्जीवन हे दुखण्यावरचे पांघरूण ठरते. आणि तो बिघाड विम्याच्या अखेरच्या दिवशी, सर्वांत मोठ्या भाराखाली, पुन्हा उपस्थित होतो.

ड्रायव्हर बसवण्याचे प्रत्यक्ष काम अर्ध्या दिवसाचे आहे, पण त्याला शिस्त हवी. प्रथम संपूर्ण माहितीची प्रत दुसऱ्या ठिकाणी घ्यावी. मग यंत्राचे नेमके मॉडेल आणि कार्यप्रणालीची नेमकी आवृत्ती पाहून, निर्मात्याने त्याच जोडीसाठी दिलेला ड्रायव्हर निवडावा. जवळपास जुळणारा चालेल, ही समजूत घातक आहे. लिनक्स प्रणालीत एकाच वेळी दोन पहारेकरी ड्रायव्हर जागे झाले तर भलतीच यंत्रणा पहाऱ्यावर बसू शकते, म्हणून नको असलेला बंद करावा लागतो. मुदत ठरवताना घाई करू नये : ती फार अल्प ठेवली, तर केवळ कामाच्या ओझ्याने मंदावलेले यंत्रही मृत समजून मध्येच पाडले जाईल. पुनरारंभ म्हणजे आघातच असल्यामुळे, अर्धवट राहिलेला व्यवहार मागे फिरवण्याची सोय माहितीकोशात चालू आहे ना, हेही पाहिले पाहिजे. आणि यंत्र उठले तरी त्यावरील सेवा आपोआप सुरू होतील अशी तरतूद नसेल, किंवा एखादी कळ दाबण्याची वाट पाहत ते पडद्यावर थांबून राहत असेल, तर रात्री त्या कुलूपबंद खोलीत ती कळ दाबायला कोणीही नसते.

यासाठी चाचणी अपरिहार्य आहे, आणि ती मृगापूर्वी, मे महिन्याच्या एखाद्या सुटीच्या दिवशी, जबाबदार अधिकाऱ्यासमक्ष व्हावी : टायमरला उत्तर देणारा कार्यक्रम मुद्दाम थांबवावा, यंत्र पडू द्यावे, ते उठून पहिला दाखला निघेपर्यंतचा काळ मोजावा आणि त्याच वेळी इशाऱ्याचा संदेश कोणाच्या फोनवर गेला ते तपासावे. सरकारी कचेऱ्यांत बदल्या होतात, आणि जो कर्मचारी केव्हाच दुसऱ्या तालुक्यात गेला, त्याच्याच क्रमांकावर पंखा बंद पडल्याची वर्दी जात राहते. चार्ज देताना-घेताना शिक्के, किल्ल्या आणि दप्तराची जी यादी होते, तिच्यात हा क्रमांक बदलल्याची एक ओळ घातली, तर त्यासाठी वेगळ्या परिपत्रकाची गरज पडणार नाही.