व्यायामोपचार, बालकर्करोगातील

कर्करोग झालेल्या मुलांची शारीरिक क्षमता टिकविण्यासाठी वा परत मिळविण्यासाठी मुख्य उपचारांच्या जोडीने योजिलेल्या नियंत्रित हालचाली व खेळ. व्यायामाने बालकर्करोग बरा होत नाही. औषधे, शस्त्रक्रिया व प्रारण यांची जागा तो घेऊ शकत नाही. या उपचारांमुळे शरीराची जी झीज होते ती कमी करणे, एवढेच त्याचे कार्य होय.

पूर्वी अशा मुलास संपूर्ण विश्रांती सांगत. संपन्न देशांत आता पाचांपैकी चारांहून अधिक मुले बरी होतात. २०३० पर्यंत जगात हे प्रमाण किमान ६०% व्हावे, असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठरविले. त्यामुळे बरे झालेले मूल पुढे कसे चालेल, धावेल, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी १९९१ मध्ये स्वतंत्र चिकित्सालय सुरू झाले.

मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या तीव्र श्वेतकोशिकार्बुदात (ल्यूकेमियात) व्हिन्क्रिस्टीन हे औषध देतात. आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळणारे हे द्रव्य परिघीय तंत्रिकांना इजा करते. पाऊल लोंबते, मूल अडखळते. टाचांवर चालावयास सांगितले असता हा दोष लवकर लक्षात येतो. डेक्सामेथासोनासारख्या स्टेरॉइडांमुळे मांड्यांचे व कमरेचे स्नायू दुर्बल होतात आणि हाडे विरळ होतात. उकिडवे बसलेल्या मुलास उठताना हाताचा आधार लागणे, हे त्याचे घरगुती लक्षण. यांत अंथरुणावर पडून राहण्याची भर पडली, की झीज दुप्पट वेगाने होते असे वाटावे. म्हणून घोट्याचे ताण, टाचांवर व चवड्यांवर चालणे, पायरी चढणे-उतरणे, एका पायावर तोल सांभाळणे हे प्रकार निवडतात. पायाच्या हाडाच्या मांसार्बुदावरील शस्त्रक्रियेनंतरचा क्रम मात्र शल्यचिकित्सकाच्या सल्ल्यानेच ठरवावा लागतो. [⟶ भौतिकी चिकित्सा].

व्यायामाची मात्रा रक्ततपासणीवर अवलंबून असते. बिंबाणू फार घटले असता रक्तस्रावाचा धोका असतो. अशा वेळी उड्या, लंगडी, लगोरी, कुस्ती वर्ज्य करून बिछान्यातील हलक्या हालचाली तेवढ्या ठेवतात. नेमकी मर्यादा सर्व रुग्णालयांत सारखी नसते. श्वेत कोशिका कमी असताना गर्दीतील खेळ टाळतात. ३८° से. वा अधिक ताप आल्यास व्यायाम थांबवून मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे. यात विलंब प्राणघातक ठरू शकतो.

श्वेतकोशिकार्बुदाचा उपचार साधारणतः दोन ते तीन वर्षे चालतो व त्याचा मोठा भाग घरीच, मुख्यतः गोळ्यांवर जातो. काटोलहून नागपूर सु. ६० किमी. आहे. नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयासारख्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी येणाऱ्या मुलाचे उरलेले सर्व दिवस गावीच जातात. तेव्हा व्यायामाची खरी जागा घराची ओसरी व शाळेचे मैदान हीच होत. यंत्रसामग्री नाही ही सबब टिकत नाही. पायरी, दोरी व चेंडू पुरेसे आहेत. अडचण असते ती मायेची. आजारी लेकराला आजी कडेवरून खाली उतरू देत नाही, शिक्षक त्याला कवायतीच्या तासाला वर्गात बसवितात. दोघांनाही काय चालेल व काय चालणार नाही, हे प्रत्येक भेटीत लिहून दिले पाहिजे.

या उपचाराविषयीचा पुरावा अद्याप मर्यादित आहे. २०१६ च्या कॉक्रेन समीक्षेत सहाच चाचण्या व १७१ मुले-तरुण समाविष्ट होते. हृदय-श्वसनक्षमता, लवचिकपणा यांत काही सुधारणा दिसली, परंतु संख्या अल्प असल्याने निष्कर्ष सावधपणे मांडले गेले. जर्मनीत २०१२ पासून रुग्णालयांचे एक जाळे या कामी उभे आहे. टाटा रुग्णालयातील स्तनकर्करोगाच्या रुग्णांवरील योगचाचणीचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले अनुकूल निष्कर्ष प्रौढांपुरते आहेत. ते मुलांना लावणे अशास्त्रीय होय.

डॉक्सोरुबिसीन गटातील औषधे हृद्‌स्नायूला इजा करतात व तिचे परिणाम कित्येक वर्षांनी प्रकट होऊ शकतात. लहानपणी ही औषधे घेतलेल्या व पुढे पोलीस वा सैन्यभरतीसाठी धावण्याची तयारी करणाऱ्या तरुणांनी आधी हृदयाची ध्वनिलेखन-तपासणी (इको) करून घ्यावी आणि उपचारांचे जुने कागद तपासणाऱ्या वैद्यास दाखवावेत.