नागरी नदीकाठाचे सार्वजनिक उद्यानात रूपांतर : साबरमती प्रकल्पाचा अभ्यास

प्रस्तावना

भारतातील अनेक शहरे नदीच्या आश्रयाने वाढली आणि पुढे त्यांनी नदीकडेच पाठ फिरविली. सांडपाणी व राडारोडा यांमुळे काठ नागरिकांच्या वावरातून नाहीसे झाले. असा काठ पुन्हा सर्वांसाठी खुला करणे म्हणजे नेमके काय, याचा विचार प्रस्तुत लेखात अहमदाबादच्या साबरमती प्रकल्पाच्या आधारे केला आहे.

प्रकल्पाचे स्वरूप

साबरमती ही मूलतः हंगामी नदी आहे. पावसाळ्यानंतर तिच्या कोरड्या पात्रात भाजीपाला पिकविला जाई, कपडे धुतले जात व रविवारी गुजरी बाजार भरे. काठावर श्रमिकांच्या वस्त्या होत्या. काठाच्या विकासाची कल्पना १९६० च्या दशकात वास्तुविशारद बर्नार्ड कोन यांनी मांडली. १९९७ मध्ये महानगरपालिकेने त्यासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली व २००५ मध्ये प्रत्यक्ष काम सुरू झाले. पात्राची रुंदी एकसारखी करून दोन्ही काठांवर मिळून सुमारे २०० हेक्टर जमीन मिळविण्यात आली. नदीत येणारे सांडपाणी अडविण्यासाठी काठालगत वाहिन्या टाकण्यात आल्या. पाण्यालगत एक व शहराच्या पातळीवर दुसरा असे दोन पदपथ बांधले गेले. पाण्यालगतचा पदपथ २०१२ मध्ये खुला झाला.

मूल्यमापन

अशा प्रकल्पाची सुगमता तीन अंगांनी तपासावी लागते. पहिले अंग भौतिक होय. जो काठ पूर्वी खासगी भिंती व कचरा यांआड दडला होता, तेथे आज सलग चालता येते. हे यश निर्विवाद आहे.

दुसरे अंग सामाजिक होय. प्रकल्पामुळे दहा हजारांहून अधिक कुटुंबे विस्थापित झाली. पुनर्वसनाचा प्रश्न २००५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात गेला. कुटुंबांना पर्यायी घरे मिळाली, तरी अनेकांची घरे रोजगारापासून दूर गेली. गुजरी बाजारास मात्र काठावरच नवी जागा देण्यात आली. काठावर पोट असलेल्यांना आराखड्यात स्थान देता येते, हे यावरून दिसते.

तिसरे अंग स्वतः नदीचे होय. शहरातील पाणी नर्मदा कालव्यातून येते व वासणा बंधाऱ्यामुळे साठून राहते. बंधाऱ्याखालील प्रवाहाच्या प्रदूषणाची उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली.

समारोप

पुण्यात मुळा, मुठा व मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर लांबीच्या प्रकल्पाची पायाभरणी २०२२ मध्ये झाली. त्याचा आराखडा साबरमतीच्याच रचनाकार संस्थेने केला आहे. त्यामुळे वरील विवेचन महाराष्ट्रासही लागू पडते. सांडपाण्याची शुद्धी व काठावरील रहिवाशांचे पुनर्वसन ही कामे सुशोभीकरणाच्या आधी व्हावयास हवीत. तसे न झाल्यास काठ सुंदर होईल. परंतु सर्वांचा होईल, असे म्हणता येणार नाही.