कोरडा मुलूख, अपुरी समजूत : ढोकी परिसराच्या भूरचनेविषयीचे चार गैरसमज

धाराशिव जिल्ह्यातील ढोकी आणि त्याच्या आसपासचा मुलूख बालाघाटच्या पठारावर, तेरणा नदीच्या खोऱ्यात वसलेला आहे. ‘दुष्काळी भाग’ या एका शब्दात त्याची ओळख उरकली जाते, आणि त्यामुळे येथील पाऊस, माती व खडक यांच्याविषयी काही चुकीच्या समजुती पक्क्या झाल्या आहेत. पाण्याचे निर्णय याच समजुतींवर घेतले जात असल्याने त्या तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

गैरसमज 1 : दुष्काळी प्रदेश म्हणजे जवळजवळ वाळवंटच.

वस्तुस्थिती : जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे 700 ते 800 मिलिमीटर पाऊस पडतो. ऑस्ट्रेलिया या कोरड्या खंडप्राय देशाची सरासरी 500 मिलिमीटरांच्याही आत आहे आणि त्याच्या मध्यभागातील ॲलिस स्प्रिंग्ज येथे ती 300 मिलिमीटरही भरत नाही. ढोकीचा प्रदेश वाळवंटी नसून निमशुष्क आहे, म्हणजे वर्षभरात जितके पाणी उन्हाने व वाऱ्याने उडून जाऊ शकते, त्यापेक्षा पडणारा पाऊस कमी असतो. सह्याद्री ओलांडून येणाऱ्या वाऱ्यांतील बाष्प घाटमाथ्यावरच बरेचसे रिते होते, यालाच पर्जन्यछाया म्हणतात; मात्र सप्टेंबरमध्ये बंगालच्या उपसागरावरून सरकणारे कमी दाबाचे पट्टे या भागाला मोठा पाऊस देऊन जातात. म्हणूनच जून-जुलैत पिके माना टाकतात आणि त्याच वर्षी परतीच्या पावसात ओढे दुथडी भरून वाहतात, असे घडू शकते. अडचण पावसाच्या प्रमाणापेक्षा त्याच्या बेभरवशीपणात अधिक आहे.

गैरसमज 2 : पठार म्हणजे सपाट, एकसारखी जमीन.

वस्तुस्थिती : बालाघाटची रांग या जिल्ह्याचा जलविभाजक, म्हणजे दोन खोऱ्यांचे पाणी वेगळे करणारी उंच कड, आहे. तेरजवळून वाहणारी तेरणा पुढे मांजरा नदीला मिळून गोदावरीच्या खोऱ्यात जाते, तर नळदुर्गच्या किल्ल्यातून वाहणारी बोरी भीमेमार्फत कृष्णेच्या खोऱ्यात जाते. येडशीजवळच्या रामलिंग अभयारण्यात याच रांगेच्या घळींतून पानझडीचे वन टिकून आहे, आणि उतार व ओल बदलली की झाडोराही कसा बदलतो, हे तेथे स्पष्ट दिसते.

गैरसमज 3 : मराठवाड्याची जमीन सर्वत्र काळी आणि खोल आहे.

वस्तुस्थिती : सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार घडले, आणि त्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन काळी माती तयार झाली. उतारावरची माती वाहून नदीकाठी साचली असल्याने तेरणेच्या काठी ती खोल सापडते, तर माळावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो. खोल काळी माती पावसात फुगून चिकट होते आणि उन्हाळ्यात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. तिने धरून ठेवलेल्या ओलीवरच रब्बीची ज्वारी उभी राहते. माळाच्या हलक्या रानाला ही ताकद नसते. त्यामुळे एकाच शिवारातील दोन शेतांना एकच पीक-सल्ला लागू पडत नाही.

गैरसमज 4 : बोअर जितकी खोल, तितके पाणी अधिक.

वस्तुस्थिती : या समजुतीने शेतकऱ्यांचे सर्वाधिक नुकसान केले आहे. ऑस्ट्रेलियातील ग्रेट आर्टेशियन बेसिन या भूजलक्षेत्रात, जे सुमारे 17 लाख चौरस किलोमीटर म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपटींहून मोठे आहे, सच्छिद्र वालुकाश्माचे थर पाण्याने भरलेले असून दाबामुळे काही ठिकाणी पाणी आपोआप वर येते. ढोकीखालचा खडक तसा नाही. विहिरीच्या कडेला उभे राहून आत पाहिले तर वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग झिजलेला भेगाळ खडक आणि तळाशी अभंग काळा पाषाण असे थर दिसतात. पाणी प्रामुख्याने मुरमात व भेगाळ खडकात साठते. घट्ट पाषाणात ते केवळ क्वचित सापडणाऱ्या फटींत असते. खूप खोल बोअरला लागणारे पाणी पुष्कळदा अशा फटीतील जुना साठा असतो. तो उपसला की सहजी भरून येत नाही.

साखर कारखान्यामुळे ढोकीची ओळख उसाशी जोडली गेली. परंतु उसाला हंगामभर सुमारे 2,000 मिलिमीटर पाणी लागते, आणि येथे पडणारा पाऊस त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. उरलेली गरज अखेर धरणावर किंवा त्याच उथळ खडकावर पडते. खडकाचे हे भांडे लहान आहे, पण चांगला पाऊस झाला की ते पुन्हा भरते. म्हणून प्रत्येक गावाने पावसाळा सरताच विहिरींची पाणीपातळी मोजावी, त्या मापावर रब्बीचे पीक ठरवावे, आणि नव्या बोअरवर खर्च करण्याआधी माथ्यावरच्या उतारांना बांध घालून पाणी मुरवावे.