निराधार तक्रार आणि मुंबईचा घरमालक

भाडेकरूचा अर्ज हा स्वतः पुरावा नव्हे. पाहणीअंतीच त्याचे मोल ठरते.

• अनधिकृत बांधकामाच्या आरोपावरून मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५१ अन्वये येणारी नोटीस कारणे दाखवण्यासाठी असल्याने, मंजूर नकाशा व परवानग्यांसह लेखी खुलासा मुदतीत दाखल करणे अगत्याचे. धोकादायक इमारतीसाठी कलम ३५४.

• दुरुस्तीची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने (कलम १४) मालकावरच ठेविली आहे; रागापोटी पाणी वा वीज तोडण्यास कलम २९ चा मज्जाव.

• गैरसमजातून झालेली तक्रार हा गुन्हा नव्हे. त्रास देण्याच्या हेतूने, जाणूनबुजून लोकसेवकास दिलेली खोटी खबर मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली शिक्षापात्र. तथापि न्यायालयात फिर्याद मालकाने नव्हे, तर संबंधित लोकसेवकाने वा त्याच्या वरिष्ठाने लेखी करावी लागते.