'क्रॉसिंग द रुबिकॉन' : अर्थ आणि उगम

परत फिरण्याची वाट उरू नये असा निर्णय कोणी घेतला की 'त्याने रुबिकॉन ओलांडली' असे इंग्रजीत म्हणतात. मराठी अनुवादकास येथे 'सीमोल्लंघन' हा शब्द सहज सुचतो. परंतु तो फसवा आहे. दसऱ्याच्या सीमोल्लंघनास रूढीची मान्यता असते, तर रुबिकॉन ओलांडणे हा मुळात गुन्हा होता.

रुबिकॉन ही उत्तर इटलीतील, एड्रियाटिक समुद्रास मिळणारी एक क्षुल्लक नदी. रोमन प्रजासत्ताकाच्या अखेरच्या काळात सिसअल्पाइन गॉल हा प्रांत आणि इटली यांमधील सीमा तीच होती. प्रांताधिपतीचा सेनाधिकार प्रांतापुरता मर्यादित असे. सैन्यासह ही सीमा ओलांडणे म्हणजे राज्याविरुद्ध बंड. इ. स. पू. ४९ च्या जानेवारीत सिनेटने ज्युलियस सीझरला सैन्य सोडण्यास फर्मावले. सैन्य सोडावे तर विरोधक खटले भरण्याची भीती, न सोडावे तर यादवी. अखेर एकच लीजन घेऊन तो नदीपार झाला आणि यादवी युद्ध पेटले.

हा प्रसंग पुढील चरित्रकारांनी रंगविला. अजूनही मागे फिरता येईल, पण हा लहानसा पूल ओलांडला की सारे शस्त्रांनीच ठरेल, असे सीझर सोबत्यांना म्हणाल्याचे स्युटोनियस सांगतो. फासा टाकल्याचे प्रसिद्ध उद्गार तो लॅटिनमध्ये देतो. प्लुटार्कच्या मते मात्र ते ग्रीक भाषेत उच्चारले गेले. विशेष म्हणजे खुद्द सीझरने यादवी युद्धाच्या आपल्या वृत्तांतात या नदीचे नावही घेतलेले नाही! नदी नेमकी कोणती याविषयीही दीर्घकाळ वाद होता. १९३३ मध्ये फ्युमिचीनो नदीस अधिकृतपणे 'रुबिकोने' हे नाव देण्यात आले.

मराठीतील 'परतीचे दोर कापणे' हा प्रयोग अर्थाने अधिक जवळचा आहे. सिंहगडाच्या १६७० मधील लढाईशी परंपरेने जोडलेल्या या प्रयोगातही माघार अशक्य होते. मात्र तेथे दोर कापले जातात ते स्वपक्षाने पळू नये म्हणून. कायदा मोडल्याची छटा त्यात नाही. तेवढी उणीव मान्य करूनच अनुवादकाने तो वापरावा.

कधी या वाक्प्रयोगाचा वापरच अंगाशी येतो. ऑगस्ट १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथा यांनी दरबान येथील भाषणात देश रुबिकॉन ओलांडत असल्याचे सांगितले. पण अपेक्षित मोठ्या सुधारणा त्यांनी जाहीर केल्याच नाहीत. ते भाषण पुढे 'रुबिकॉन भाषण' म्हणूनच ओळखले जाऊ लागले. नेल्सन मंडेला यांची सुटका झाली ती फेब्रुवारी १९९० मध्ये, एफ. डब्ल्यू. डी क्लर्क अध्यक्ष असताना.